उंदराच्या आतड्याची नोंद कुठे आहे?

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

अमुक वनस्पतीच्या अर्काने संधिवात आटोक्यात आला, तमुक काढ्याने प्रतिकारशक्तीचा विकार बरा झाला, अशा बातम्या स्थानिक पानांवर अधूनमधून येतात. आत वाचले की कळते, प्रयोग रॅटवर (प्रयोगशाळेतील मोठ्या जातीच्या उंदरावर) किंवा लहान उंदरांवर झालेला आहे. प्रत्येक गटात सहा प्राणी, २८ दिवस, आणि पंजाची सूज इतके टक्के कमी. नाशिकमध्ये फार्मसीची, आयुर्वेदाची आणि वैद्यकाची महाविद्यालये आहेत, आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय म्हसरूळला आहे. असे प्रयोग इथे व्हावेत हे स्वाभाविक आहे आणि चांगलेही आहे. पण ज्या गोष्टीवर असा निष्कर्ष टिकतो किंवा कोसळतो ती बातमीत नसते आणि बऱ्याचदा मूळ प्रबंधातही नसते. ती म्हणजे त्या प्राण्यांच्या आतड्यात कोणते जीवाणू होते, आणि ते सगळ्या गटांत सारखे होते का.

संधिवात, टाइप-१ मधुमेह, मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू व मज्जारज्जूचा आजार), अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याचा आजार) यांत शरीराची प्रतिकार यंत्रणा आपल्याच अवयवांवर उलटते. ही यंत्रणा जन्मतः पूर्ण घडलेली नसते. आतड्यात वस्तीला आलेले जीवाणू तिला घडवतात. टी-पेशी म्हणजे या यंत्रणेतील पांढऱ्या पेशी; त्या कोणत्या प्रकारच्या किती तयार व्हायच्या, सूज वाढवणाऱ्या जास्त की आवरणाऱ्या जास्त, हे बऱ्याच अंशी त्यांच्यावर ठरते. एकाच म्हशीचे दूध दोन घरांत वेगळ्या विरजणाने लावले तर दही सारखे लागत नाही. तसेच एकाच वंशाचे, जनुकांनी जवळजवळ एकसारखे उंदीर दोन प्राणीगृहांत वाढले तर त्यांची प्रतिकारशक्ती सारखी राहत नाही.

याचा सर्वांत ठसठशीत पुरावा २००९ साली न्यूयॉर्क विद्यापीठातील डॅन लिटमन यांच्या प्रयोगशाळेतून आला. सी५७ब्लॅक/६ हा जगभर वापरला जाणारा उंदरांचा वंश. त्यांच्या लहान आतड्यातील टीएच-१७ नावाच्या, सूज वाढवू शकणाऱ्या पेशी मोजल्या तेव्हा टॅकोनिक या पुरवठादाराच्या उंदरांत त्या भरपूर आढळल्या आणि जॅक्सन लॅबोरेटरीच्या उंदरांत अगदी थोड्या. वंश तोच, वयही तेच. फरक निघाला एका जीवाणूचा, सेगमेंटेड फिलामेंटस बॅक्टेरिया, ज्याला या क्षेत्रात सगळे एसएफबी म्हणतात. दोऱ्यासारखा असणारा हा जीवाणू लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, अस्तराच्या पेशीत टोक रुतवून राहतो. टॅकोनिकच्या उंदरांत तो होता, जॅक्सनच्या उंदरांत नव्हता. ज्यांच्यात नव्हता त्यांच्यात तो सोडल्यावर टीएच-१७ पेशी तयार होऊ लागल्या.

पुढच्याच वर्षी, २०१० मध्ये, या पेशींचा सांध्यांशी थेट संबंध दिसला. के/बीएक्सएन नावाच्या उंदरांना आपोआप संधिवात होतो. त्यांना पूर्ण जंतुविरहित वातावरणात वाढवले तर आजार फारच सौम्य राहिला, आणि त्यांच्या आतड्यात फक्त एसएफबी सोडल्यावर संधिवात परतला. त्याआधी, १९९४ मध्ये, एचएलए-बी२७ हे माणसाचे जनुक घातलेल्या रॅटवर असेच दिसले होते. मणक्याच्या अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसशी जोडलेले हे जनुक अंगात असूनही जंतुविरहित रॅटना आतड्याची आणि सांध्यांची सूज आली नाही. इंटरल्युकिन-१० हा सूज आवरणारा रेणू नसलेल्या उंदरांचे, मल्टिपल स्क्लेरोसिससारखा आजार घडवलेल्या उंदरांचेही चित्र याच दिशेचे आहे.

पण यावरून जीवाणू कमी म्हणजे आजार कमी असा अर्थ कोणी काढला तर तो फसेल, आणि इथल्या प्रयोगांच्या दृष्टीने ही बाब सर्वांत महत्त्वाची आहे. आपल्या महाविद्यालयांत सर्वाधिक चालणारे प्रारूप म्हणजे फ्रॉइंड्स अॅडजुव्हंट हे प्रतिकारशक्ती चेतवणारे मिश्रण देऊन रॅटमध्ये घडवलेला संधिवात. फिशर-३४४ वंशाच्या रॅटवर जपानी संशोधकांनी १९७९ मध्ये दाखवले की नेहमीच्या वातावरणात वाढलेले प्राणी या संधिवाताला दाद देत नाहीत, मात्र जंतुविरहित वाढलेल्यांना तो जोरात होतो. म्हणजे के/बीएक्सएनच्या अगदी उलट. आपोआप मधुमेह होणाऱ्या एनओडी उंदरांतही हाच गुंता आहे. त्यांच्यातील मायडी८८ हा, जीवाणूंची चाहूल पेशीला पोहोचवणारा रेणू काढला तर नेहमीच्या स्वच्छ प्राणीगृहात त्यांना मधुमेह होत नाही, पण तेच उंदीर जंतुविरहित वाढवले तर होतो. हे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. २०१३ मध्ये नर एनओडी उंदरांच्या आतड्यातील जीवाणू कोवळ्या माद्यांना दिल्यावर त्या माद्यांना मधुमेहापासून संरक्षण मिळाले. आणि २०१४ मध्ये पिण्याच्या पाण्यावर दोन वेगळ्या गटांचे लेख आले. अनेक प्राणीगृहांत जंतू वाढू नयेत म्हणून पाण्यात हायड्रोक्लोरिक आम्ल घालून पीएच २.५ ते ३ ठेवतात. एका गटाला अशा पाण्यावरच्या एनओडी उंदरांत मधुमेह लवकर दिसला, दुसऱ्या गटाला तो कमी दिसला. पाणी बदलल्याने जीवाणू बदलतात हे दोघांनाही आढळले. निष्कर्ष मात्र परस्परविरुद्ध, बहुधा मुळात दोन्हीकडची वस्ती एक नसल्यामुळे.

औषधाच्या बाजूनेही जीवाणू मधे येतात. सल्फासॅलाझिन हे संधिवात आणि कोलायटिस दोन्हींत दिले जाणारे जुने औषध. त्याचे दोन भाग जोडणारा अॅझो बंध तोडतात ते मोठ्या आतड्यातील जीवाणू. जंतुविरहित रॅटमध्ये तो तुटत नाही हे १९७२ पासून माहीत आहे. हळदीतील कर्क्युमिनचे रूपांतर करणारे एन्झाइम ई. कोलायमध्ये सापडले आहे, ते २०११ मध्ये. इंडोमेथॅसिन आणि डायक्लोफेनॅक ही सूज उतरवणारी औषधे आपण तुलनेसाठी 'स्टँडर्ड' म्हणून देतो. इंडोमेथॅसिनमुळे लहान आतड्यात होणारे व्रण जंतुविरहित रॅटमध्ये फारसे होत नाहीत, आणि डायक्लोफेनॅकचे आतड्यातील नुकसान जीवाणूंच्या बीटा-ग्लुकुरोनिडेज एन्झाइमशी जोडलेले आहे. तेव्हा ज्याच्याशी तुलना करायची तो स्टँडर्ड गटसुद्धा जीवाणूंपासून अलिप्त नसतो.

आता प्रत्यक्ष प्रयोगशाळेत काय होते ते पाहू. साधारण आराखडा असा असतो. सहा गट: निरोगी, आजारी, स्टँडर्ड औषधाचा, आणि अर्काचे किलोला १००, २०० व ४०० मिलिग्रॅम असे तीन डोस. प्रत्येक गटात सहा विस्टार रॅट, वजन १५० ते २०० ग्रॅम. मिलिलिटरला १ मिलिग्रॅम मृत क्षयजंतू असलेले कम्प्लीट अॅडजुव्हंट ०.१ मिलिलिटर मागच्या एका पंजाच्या तळव्यात टोचले जाते. त्या पंजाला लगेच सूज येते. समोरच्या, न टोचलेल्या पंजाला साधारण १० ते १४ दिवसांनी सूज येते आणि प्रतिकारशक्तीचा खरा आजार तोच. प्लेथिस्मोमीटरवर ०, ४, ७, १४, २१, २८ या दिवशी पंजाचे आकारमान मोजतात. बहुतेक प्रबंध टोचलेल्या पंजाचे आकडेच ठळक देतात, हा वेगळा दोष. अर्क फक्त साधी सूज उतरवतो की आजार थोपवतो हे त्यावरून कळत नाही.

मुख्य दोष पिंजऱ्यात आहे. जागा आणि सोय पाहून एका गटाचे सहाही रॅट एकाच पिंजऱ्यात, फार तर तीन-तीनच्या दोन पिंजऱ्यांत ठेवले जातात. रॅट आणि उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात. ती त्यांची नैसर्गिक सवय आहे. त्यामुळे एका पिंजऱ्यातील प्राण्यांची आतड्यातील वस्ती काही आठवड्यांत एकमेकांसारखी होते आणि शेजारच्या पिंजऱ्यापासून दूर जाते. मग ४०० मिलिग्रॅमच्या गटात सूज कमी दिसली, तर ती अर्काने कमी झाली की त्या पिंजऱ्यातील जीवाणूंनी, हे सांगण्याचा कोणताही मार्ग उरत नाही. तक्त्यात लिहिलेले असते सहा. पिंजरा एक असेल तर स्वतंत्र निरीक्षण एकच असते. त्यावर अॅनोव्हा ही गटांच्या तुलनेची संख्याशास्त्रीय चाचणी करून काढलेली ०.०१ पेक्षा कमी पी-व्हॅल्यू, म्हणजे फरक निव्वळ योगायोगाचा असण्याची शक्यता कमी असल्याची खूण, कितीही आकर्षक दिसली तरी तिला अर्थ नाही. हे आम्ही कठोरपणे लिहितो आहोत याची जाणीव आहे. पण ३६ प्राण्यांना वेदना देऊन हाती काहीच लागू नये, हे त्याहून कठोर आहे.

उपाय महाग नाही. तीनऐवजी अर्काचा एकच डोस घ्यावा, तो आधीच्या छोट्या चाचणीतून ठरवावा. चार गट, प्रत्येकी आठ रॅट, म्हणजे एकूण ३२. एका पिंजऱ्यात दोन, म्हणजे १६ पिंजरे, प्रत्येक गटाला चार. प्राणी चार कमी लागले आणि स्वतंत्र निरीक्षण एकाचे चार झाले. एकेक रॅट वेगळा ठेवू नये. एकटेपणाच्या ताणाने कॉर्टिकोस्टेरॉन हे संप्रेरक वाढते आणि ते स्वतःच सूज दाबते. नर असतील तर एकदा जमलेली जोडी पुढे मोडू नये, मारामारी होते. म्हणून चिठ्ठ्या टाकायच्या त्या पिंजऱ्यांच्या, प्राण्यांच्या नव्हे. एकाच पिंजऱ्यात एकाला औषध आणि दुसऱ्याला नुसते पाणी हा आराखडा कागदावर सुबक दिसतो, पण लेंड्यांतून औषधाचा काही भाग आणि बदललेले जीवाणू दुसऱ्याच्या पोटात जातात. आकडेमोड करताना पिंजऱ्यातील दोघांची सरासरी एक आकडा धरावा, किंवा पिंजऱ्यापिंजऱ्यातला फरक वेगळा धरणारे, म्हणजे पिंजरा हा रँडम घटक असलेले मिक्स्ड मॉडेल वापरावे. 'आर' या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ते करता येते.

त्याआधी सगळ्यांची वस्ती शक्य तितकी एकसारखी करून घ्यायची. प्राणी बहुधा पुण्या-मुंबईच्या नोंदणीकृत पैदास केंद्रातून रस्त्याने येतात. प्रवासाच्या ताणाने आणि नव्या खाद्याने आतडे ढवळून निघते, त्यामुळे एक आठवडा स्थिरावू देणे हे किमान झाले. आम्ही तीन आठवडे सुचवतो. सगळे प्राणी एकाच केंद्रातून, एकाच खेपेत आणि शक्यतो एकाच खोलीतून मागवावेत. दहा इथले आणि उरलेले तिकडचे असे करून संख्या पूर्ण करण्याचा मोह टाळावा. या तीन आठवड्यांत आठवड्यातून दोनदा पिंजऱ्यात अंथरलेले तूस बदलताना प्रत्येक पिंजऱ्यातील मूठभर वापरलेले तूस एका निर्जंतुक टबात एकत्र कालवावे आणि त्यातील मूठभर प्रत्येक पिंजऱ्याच्या नव्या तुसात घालावे. पहिला डोस दिल्यावर मात्र हे लगेच थांबवायचे.

तूस एकत्र करण्याआधी जंतांची तपासणी हवी, नाहीतर एका पिंजऱ्यातील जंत आपणच सोळांमध्ये पोहोचवू. सिफेशिया या सूत्रकृमीची मादी गुदद्वाराभोवती अंडी घालते. पारदर्शक चिकटपट्टी तिथे दाबून काचपट्टीवर लावली की साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ती दिसतात. अॅस्पिक्युल्युरिस मात्र चिकटपट्टीवर सापडत नाही, त्यासाठी लेंड्या मिठाच्या संपृक्त द्रावणात तरंगवून पाहाव्या लागतात. जंत प्रतिकारशक्तीला टीएच-२ दिशेला, म्हणजे जंतांशी लढणाऱ्या वेगळ्या टी-पेशींकडे, ढकलतात, आणि संधिवाताच्या प्रयोगात एवढे कारण निकाल फिरवायला पुरे होते. जंत सापडले तर प्रयोग पुढे ढकलावा. मधेच फेनबेंडाझोल किंवा आयव्हरमेक्टिन हे जंतनाशक देऊन तारखा गाठू नयेत.

खाद्याचा विषय नाशिकच्या हवेत विशेष सांगावा लागतो. पावसाळ्यात उघड्या पोत्यातील पेलेटला (खाद्याच्या गोळ्यांना) दोन-तीन दिवसांत ओल धरते आणि बुरशी येते. बुरशीची विषे आतड्याचे अस्तर आणि प्रतिकारशक्ती दोन्ही बिघडवतात. एक रॅट दिवसाला १५ ते २० ग्रॅम खातो. ३२ रॅट, तीन आठवडे स्थिरावण्याचे आणि चार आठवडे प्रयोगाचे, म्हणजे ४९ दिवस. हिशेब ३१ किलोच्या थोडा वर जातो. सांडलवंड धरून ३५ किलो एकाच बॅचचे एकदम घ्यावे, हवाबंद डब्यांत ठेवावे आणि बॅच क्रमांक नोंदवहीत लिहावा. मधे बॅच बदलली की तंतूंचे प्रमाण बदलते आणि त्याबरोबर जीवाणूही. खाद्य ऑटोक्लेव्ह केले, म्हणजे दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक केले, तर थायमिन आणि जीवनसत्त्व-अ बरेच नष्ट होते. त्यासाठी वाढीव जीवनसत्त्वांचे खाद्य मिळते ते घ्यावे. तूस मात्र १२१ अंशाला २० मिनिटे ऑटोक्लेव्ह करून, पूर्ण वाळवूनच घालावे.

पाण्याचे तसेच. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते आणि त्याचे प्रमाण रोज एक नसते. उन्हाळ्यात टंचाईच्या दिवसांत काही संस्था बोअरवर किंवा टँकरवर जातात. प्रयोग सुरू झाल्यावर पाण्याचा स्रोत बदलता कामा नये. आरओचे पाणी ऑटोक्लेव्ह करून पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत तेच द्यावे आणि पीएच लिहून ठेवावा. खोलीचे तापमान २२ अंशांच्या आसपास, आर्द्रता ३० ते ७० टक्के, १२ तास उजेड आणि १२ तास अंधार हे नियम सर्वांना पाठ असतात, पण एप्रिल-मेमध्ये वीज गेल्यावर खोली किती तापली याची नोंद क्वचित सापडते. किमान-कमाल तापमापक टांगून रोज दोन आकडे लिहिणे एवढेच त्याला लागते. पिंजऱ्यांची मांडणीतील जागाही दर आठवड्याला फिरवावी. सर्वांत वरच्या फळीवर उजेड आणि उष्णता जास्त असते, आणि तिथे कायम एकच गट असेल तर तो फरकही औषधाच्या खात्यात जमा होतो.

एका बाबीकडे फारच थोडे लक्ष जाते. अर्क पाण्यात विरघळत नाही म्हणून तो ०.५ टक्के कार्बॉक्सीमिथाइल सेल्युलोज, म्हणजे सीएमसी, किंवा ट्वीन-८० मध्ये कालवून पाजतात. २०१५ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासात याच दोन पदार्थांनी, पिण्याच्या पाण्यात १ टक्का प्रमाणात १२ आठवडे दिल्यावर, उंदरांच्या आतड्यातील वस्ती बदलली आणि हलकी सूज आली. जंतुविरहित उंदरांत ती आली नाही. चार आठवड्यांच्या नळीने दिलेल्या डोसात तितकेच घडेल असे म्हणता येत नाही, कारण प्रमाण आणि काळ दोन्ही कमी आहेत. पण निरोगी आणि आजारी गटाला साधे पाणी आणि अर्काच्या गटाला सीएमसी अशी मांडणी असेल तर तुलना पहिल्याच दिवशी बिघडली. प्रत्येक गटाला, स्टँडर्डलाही, तेच माध्यम तितक्याच मिलिलिटरमध्ये, त्याच वेळी द्यावे. वनस्पतीचा कच्चा चुरा वापरणाऱ्यांनी त्यात स्वतःचे जीवाणू आणि बीजाणू असतात हे लक्षात घेऊन एकूण जीवाणूसंख्या तपासून घ्यावी.

काही मार्गदर्शक आता विद्यार्थ्यांना 'मायक्रोबायोम', म्हणजे आतड्यातील जीवाणूंच्या वस्तीची भूमिका, दाखवायला सांगतात आणि त्यासाठी अँटिबायोटिक देऊन आतडे रिकामे करण्याचा रस्ता धरला जातो. प्रचलित मिश्रण असे: पाण्याच्या लिटरमागे अँपिसिलिन, निओमायसिन आणि मेट्रोनिडाझोल प्रत्येकी १ ग्रॅम, व्हँकोमायसिन अर्धा ग्रॅम. मेट्रोनिडाझोल कडू असते. प्राणी पाणी पिणे सोडतात, वजन उतरते, आणि उपाशी प्राण्यात सूज तशीही कमीच येते. मग श्रेय जीवाणू गेल्याला दिले जाते. रोज बाटली तोलून आणि वजन घेऊन हे पकडता येते. वजन १० टक्क्यांहून अधिक घटले तर मिश्रण नळीने देणे बरे. शिवाय अँटिबायोटिकने जीवाणू पूर्ण जात नाहीत, मागे राहिलेल्या जागेत यीस्ट माजते, आणि काही अँटिबायोटिक प्रतिकार पेशींवर थेटही परिणाम करतात. जंतुविरहित प्राणी वाढवण्याच्या बंद पेटीची, म्हणजे आयसोलेटरची, सोय नसताना जीवाणूंची भूमिका सिद्ध केल्याचा दावा करू नये. लेंड्यांचे नमुने जपून ठेवणे त्याहून खूप उपयोगी आहे.

ते असे करावे. रॅट हातात धरला की बहुधा तो लेंड्या टाकतोच. दोन-तीन लेंड्या निर्जंतुक चिमट्याने थेट नळीत घ्याव्यात, पिंजऱ्याच्या तळातून उचलू नयेत. प्राणी आले त्या दिवशी, पहिल्या डोसाआधी आणि २८ व्या दिवशी, असे तीनदा ३२ रॅटचे ९६ नमुने होतात. बर्फावर ठेवून उणे ८० अंशाच्या फ्रीझरमध्ये टाकावेत. घरगुती फ्रॉस्ट-फ्री फ्रीझर चालत नाही, कारण बर्फ वितळवण्यासाठी तो वरचेवर आतून तापतो आणि नमुना पुन्हा पुन्हा वितळून गोठतो. उणे ८० ची सोय नसेल तर ९५ टक्के इथेनॉलमध्ये नमुने टिकतात. ७० टक्के इथेनॉल मात्र त्या कामाचे नाही. एक पद्धत धरली की सर्व नमुन्यांना तीच. सगळ्यांचे १६-एस सीक्वेन्सिंग, म्हणजे डीएनएवरून जीवाणू ओळखण्याची तपासणी, लगेच करण्याची ऐपत नसली तरी हरकत नाही. निकाल अनपेक्षित लागला, किंवा दुसऱ्या महाविद्यालयात तो पुन्हा मिळाला नाही, तर तपासायला काही हातात असते. तपासणी कराल तेव्हा सर्व नमुने एकाच खेपेत पाठवावेत आणि सोबत एक रिकामी नळी त्याच किटमधून काढून पाठवावी. किटमधील रसायनांतही जीवाणूंचा डीएनए असतो आणि कमी लेंडीच्या नमुन्यात तोच ठळक दिसतो.

जनुक काढलेल्या उंदरांवर काम करणाऱ्या मोठ्या संस्थांनाही हा धडा महागात पडला आहे. एनएलआरपी-६ हे जनुक नसलेल्या उंदरांचे जीवाणू वेगळे असतात आणि त्यामुळे त्यांना कोलायटिस जास्त होतो, असे २०११ मध्ये मांडले गेले. २०१७ मध्ये एकाच आईच्या पोटच्या, जनुक असलेल्या आणि नसलेल्या भावंडांची तुलना केली तेव्हा जीवाणूंतील तो फरक जनुकामुळे दिसेना. वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या आयांकडे वाढलेल्या उंदरांची तुलना किती फसवी असते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

प्राणीगृह जितके निर्जंतुक तितका प्रयोग चांगला, असाही समज आहे. १३ मार्च २००६ रोजी लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयातील केंद्रात टीजीएन१४१२ हे प्रतिकारशक्तीवरचे औषध सहा निरोगी तरुणांना दिले गेले. प्राण्यांत सुरक्षित ठरलेल्या मात्रेच्या ५०० पट कमी मात्रा असूनही सहाही जण सायटोकाइनच्या, म्हणजे सूज चेतवणाऱ्या रेणूंच्या, वादळात अतिदक्षता विभागात गेले. सुदैवाने सर्व वाचले. माकडांच्या टी-पेशी माणसापेक्षा वेगळ्या असणे हे त्यामागचे एक महत्त्वाचे कारण. पण २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील संशोधकांनी प्रयोगशाळेतील उंदरांचे गर्भ रानटी माद्यांच्या पोटी वाढवले, म्हणजे जनुके प्रयोगशाळेची आणि जीवाणू रानातले. त्याच जातीचे औषध नेहमीच्या उंदरांत सूज आवरणाऱ्या पेशी वाढवत होते. या उंदरांत तसे झाले नाही, उलट माणसासारखी दाहक प्रतिक्रिया आली. अतिस्वच्छ वातावरणात वाढलेल्या प्राण्याची प्रतिकारशक्ती प्रौढ माणसाच्या जवळ जात नाही, हे त्यातून दिसले. आपल्याकडे लगेच रानटी उंदीर आणा असे कोणी म्हणणार नाही. त्यांच्याबरोबर हंटाव्हायरस आणि लेप्टोस्पायरा येऊ शकतात. पण आपले प्राणी कोणत्या वस्तीचे आहेत हे लिहून ठेवणे सर्वांच्या हातात आहे.

संपादक महोदय, आपल्याकडे मागणे थोडे आहे. अशा प्रयोगाची बातमी घेताना वार्ताहराने संशोधकाला विचारावे की प्राणी कुठून आणले, प्रत्येक गटाचे किती पिंजरे होते, आजारी गटाला अर्काशिवाय बाकी सगळे तेच दिले होते का, आणि हा निकाल दुसऱ्यांदा मिळाला आहे का. उत्तर बातमीत एका ओळीत यावे. माणसांवर चाचणी झालेली नसेल तर तेही मथळ्याजवळच असावे, शेवटच्या परिच्छेदात नको. संधिवाताचा रुग्ण अशी बातमी वाचून मेथोट्रेक्सेट हे चालू औषध थांबवतो, तेव्हा सांध्यांची झालेली झीज परत भरून येत नाही.

दुसरे मागणे महाविद्यालयांच्या प्राणी नैतिकता समित्यांकडे. आयुर्वेदाचे आणि वैद्यकाचे प्रबंध म्हसरूळच्या विद्यापीठाकडे जातात, फार्मसीचे पुण्याच्या विद्यापीठाकडे, पण प्रयोगाला परवानगी देणारी पहिली समिती प्रत्येक संस्थेतच असते. प्राणी कमी वापरा, हे तत्त्व १९५९ मध्ये मांडले गेले, आता जगाने मानले आहे आणि समितीच्या बैठकीत त्यावरच सर्वाधिक वेळ जातो. गट सहाचा करा की पाचाचा, यावर चर्चा होते. ते सहा एका पिंजऱ्यात आहेत का, हे विचारले जात नाही. प्राण्यांवरील संशोधन कसे लिहावे याचे 'अराइव्ह' निकष २०१० मध्ये आले, २०२० मध्ये सुधारले गेले. त्यांत प्रयोगाचे एकक काय, निवास आणि निगा कशी होती, हे लिहिणे अपेक्षित आहे. प्रयोगाच्या परवानगीसाठी भरायच्या फॉर्म-बी सोबत संस्थेने स्वतःचे अर्धे पान जोडावे: पुरवठादार आणि खेप, पिंजऱ्यामागे प्राणी, गटामागे पिंजरे, तूस, खाद्याची बॅच, पाण्याचा स्रोत व पीएच, जंत तपासणीचा निकाल, अर्काचे माध्यम, लेंड्यांचे नमुने कुठे ठेवले. हे अर्धे पान प्रबंधाच्या शेवटी तसेच छापावे आणि परीक्षकाने तोंडी परीक्षेत आधी ते पाहावे. पुढच्या सत्रातील प्रस्तावांपासून हे सुरू करता येईल. त्यासाठी कोणत्याही परिपत्रकाची गरज नाही.

आपले,
औषधनिर्माणशास्त्र व सूक्ष्मजीवशास्त्राचे काही अध्यापक,
नाशिक